आपोआप लागणारा ब्रेक बंद ठेवावा का?

प्रश्न : आम्ही अलीकडेच ‘ॲडास’ (चालकाला मदत करणारी, धडकेचा धोका दिसल्यास आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेली नवी मोटार घेतली. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात आमच्या पुढे रस्ता मोकळा होता, तरीही गाडीने आपणहून करकचून ब्रेक लावला आणि मागून येणारा टेम्पो आमच्यावर आदळता आदळता राहिला. तेव्हापासून ही सोय बंदच ठेवावी, असा घरच्यांचा आग्रह आहे. गाडीत दोष आहे का? आम्ही काय करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : कोणाला इजा झाली नाही, हे वाचून हायसे वाटले. आपण लिहिलेल्या प्रसंगात बिघाडाची शक्यता नाकारता येत नाही. पण घाटातले वळण हे या यंत्रणेचे ठाऊक असलेले दुबळे ठिकाण आहे. बंपरमागचे रडार आणि पुढच्या काचेवरचा कॅमेरा समोर काय आहे ते पाहतात, आणि गाडी पुढे कोणत्या वाटेने जाणार, याचा अंदाज संगणक बांधतो. वळणावर शेजारच्या लेनमधून चढणारा ट्रक किंवा कडेचा लोखंडी कठडा काही क्षण अगदी नाकासमोर येतो, आणि हा अंदाज किंचित चुकला तरी यंत्रणा त्यालाच अडथळा समजते. हा प्रकार केवळ आपल्या रस्त्यांवर घडतो असे नाही. होंडाच्या अकॉर्ड आणि सीआर-व्ही या मोटारी विनाकारण ब्रेक लावतात, अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या वाहन सुरक्षा विभागाने २०२२ मध्ये चौकशी सुरू केली आणि २०२४ मध्ये तिची व्याप्ती सुमारे ३० लाख गाड्यांपर्यंत वाढवली.

आपल्याकडे त्यात गर्दीची भर पडते. पुढच्या वाहनापासून आपण राखलेल्या अंतरात दुचाकीस्वार कट मारून शिरतो; आपल्याला तो निघून जाणार हे कळते, यंत्रणेला कळत नाही. शिवाय मागचा चालक आपल्या ब्रेकचा अंदाज आपल्या समोरच्या रस्त्यावरून बांधत असतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर लागलेला ब्रेक त्याला पूर्णपणे अनपेक्षित असतो. मागच्याने पुरेसे अंतर राखावे असा नियम आहेच, पण घाटात भरलेला टेम्पो नियमाच्या भरवशावर थांबत नाही.

तरीही मला अधिक काळजी वाटते ती नको तिथे लागणाऱ्या ब्रेकपेक्षा हवा तिथे न लागणाऱ्या ब्रेकची, कारण यंत्रणेवर विसंबण्याची सवय जडलेला चालक गाफील राहतो. अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालक संघटनेने २०२२ मध्ये चार मोटारींची चाचणी घेतली. समोर थांबलेल्या गाडीकडे ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने जाताना २० पैकी १७ वेळा धडक टळली. वेग ६४ किलोमीटर केल्यावर मात्र केवळ ६ वेळा. चौकात आडव्या आलेल्या गाडीसमोर तर एकही मोटार वेळेत थांबली नाही. आपल्या महामार्गांवर दुभाजकाच्या फटीतून ट्रॅक्टर आडवा येतो, तो प्रसंग नेमका याच प्रकारचा असतो. पावसाळ्यात बंपरवर चिखलाचा थर बसला किंवा पावसाचा जोर वाढला की यंत्रणा तात्पुरती बंद पडू शकते, आणि समोरच्या पटलावर उमटलेली सूचना पुष्कळदा वाचलीही जात नाही.

म्हणून ती कायमची बंद ठेवावी का? माझे मत स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे अपघात या यंत्रणेमुळे जवळपास निम्मे होतात, असे अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेला आढळले आहे. इशारा लवकर किंवा उशिरा देण्याची निवड सेटिंगमध्ये असते, पण अनेक गाड्यांत त्याने केवळ इशाऱ्याची वेळ बदलते, ब्रेकची नाही. तेव्हा आपल्या गाडीचे माहितीपुस्तक याबाबत काय सांगते ते पाहा. ॲक्सिलरेटर जोरात दाबून नको असलेला ब्रेक सोडवता येतो का, हेही त्यात दिलेले असते.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. पुढची काच बदलली किंवा बंपर काढून बसवला, तर कॅमेरा आणि रडार यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची अचूक जुळणी, पुन्हा करावे लागते. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये स्वस्तात बसवलेली काच इथे महागात पडते. आपल्या गाडीत असे काही काम झाले असेल, तर पहिला संशय त्यावरच घ्यावा. झाले नसले तरी सर्व्हिस सेंटरमध्ये दोन्ही तपासून घ्या, आणि प्रसंगाचे ठिकाण, वेळ व वेग जॉबकार्डवर लिहून घेण्याचा आग्रह धरा, म्हणजे असा ब्रेक पुन्हा लागल्यास कंपनीकडे दाद मागताना ती नोंद आपल्या हाती असेल.