स्वाती ताऱ्याचं वस्तुमान ०.७४ सूर्य का आलं?

तुम्ही वर्णपटावरून स्वातीचं वस्तुमान काढलंत, ते फारच कमी आलं. तुमची आकडेमोड चुकलेली नाही. त्रिज्या सूर्याच्या २५.४ पट आणि लॉग जी, म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या गुरुत्वाचा दशमान लॉग, १.५ धरला (सूर्याचा ४.४४) की ०.७४ सूर्यच येणार. पण एवढा हलका तारा विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांत अजून तांबडा राक्षसी (म्हातारपणी फुगलेला तारा) झालाच नसता, तिथेच शंका यायला हवी होती. प्रकाशित लॉग जी १.६६ आहे, त्यातून साधारण १.०७ सूर्य येतं. फरक दिसायला ०.१६, पण तो लॉगमधला. वस्तुमान तीस टक्क्यांनी घसरलं!

माझा संशय तुम्ही धरलेल्या ४२०० केल्विन तापमानावर. स्वातीचं तापमान ४२८६ च्या आसपास मानतात. तुम्ही वापरलेली पद्धत अशी: वर्णपटातल्या कमी आणि जास्त उत्तेजन-ऊर्जेच्या उदासीन लोहरेषांनी (इलेक्ट्रॉन न गमावलेल्या लोह-अणूंच्या रेषांनी) लोहाचं प्रमाण सारखंच सांगेपर्यंत तापमान हलवायचं, मग आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) लोहाच्या रेषाही तेच प्रमाण सांगेपर्यंत लॉग जी. विरळ वातावरणात सुटलेला इलेक्ट्रॉन आयनाला सहज परत भेटत नाही, म्हणून गुरुत्व कमी तर आयनीभूत रेषा ठळक. मेघनाद साहांचं १९२० चं आयनीभवनाचं समीकरण इथे रोज राबतं. गोची अशी की या आयनीभूत रेषा तापमानालाही हळव्या असतात. तापमान कमी धरलं तर गणिताला त्या 'जरा जास्तच ठळक' वाटतात आणि ते लॉग जी खाली ओढतं.

दुसरं, आयनीभूत लोहाच्या रेषा किती घेतल्यात? राक्षसी ताऱ्यात स्वच्छ अशा मोजक्याच सापडतात. वर्णपटाच्या निळ्या भागात रेषांची इतकी दाटी असते की शेजारची सायनोजेनची रेषा त्यात मिसळते आणि मोजलेली रुंदी (म्हणजे रेषेचा ठळकपणा) फुगते. त्यानेही लॉग जी खालीच जातो. मी तर ६००० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी तरंगलांबीकडे फिरकतच नाही.

आणि हो, ती त्रिज्या वर्णपटातून आलेली नाही. ती इंटरफेरोमीटरने (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या उपकरणाने) मोजलेला कोनीय व्यास आणि ३६.७ प्रकाशवर्षं अंतर यांतून येते. दूरच्या ताऱ्यांना ही सोय नसते, म्हणून केप्लर या अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या ताऱ्यांच्या कंपनांवरून लॉग जी काढतात. तो वर्णपटापेक्षा कितीतरी भरवशाचा.

तापमान ४२८६ ला बांधून गणित पुन्हा चालवा आणि आयनीभूत रेषांची यादी इथे टाका. एकेक रेषा काढून लॉग जी किती हलतो ते पाहू.