त्रेचाळीस नावांची वही

सुनंदाताई माझ्याकडं समुपदेशनासाठी पहिल्यांदा आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. २०२४ चा फेब्रुवारी होता. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत, आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे.) वय छप्पन्न, मिस्टर बँकेतून निवृत्त, स्वतःचं घर सांगलीत विश्रामबागला, मूळ घर गावभागात. तिथं थोरले दीर आणि जाऊबाई राहतात. लेक-जावई टोकियोत. मार्चअखेर दोघंही लेकीकडं दीड महिना जाणार होते. आयुष्यातला पहिलाच परदेश प्रवास.

मला वाटलं विमानाची धास्ती असेल, नाहीतर लेकीच्या संसाराची काळजी. विचारल्यावर त्यांनी पर्समधून लाल पुठ्ठ्याची, लांबट, दोऱ्यानं शिवलेली वही काढली. लग्नकार्यात आहेर लिहायला आपण घेतो तसली.

"मॅडम, ह्यात त्रेचाळीस नावं आहेत. रात्री दोनला उठून एखादं घालते, एखादं खोडते. कुणाला काय आणायचं तेच सुचत नाही. आणि नाही आणलं तर तोंड कसं दाखवायचं?"

वही मी हातात घेतली. प्रत्येक नावापुढं तीन रकाने होते. त्यांनी आपल्याला काय दिलं, कधी दिलं, आपण काय आणायचं. दुबईहून आलेलं अत्तर, लंडनच्या भाचीनं आणलेला मग, कुणाच्या मुंजीतली साडी. काही ओळींवर इतक्यांदा खाडाखोड झाली होती की कागदाला भोक पडलं होतं.

हा प्रश्न माझ्याकडं वरचेवर येतो, पण सरळ येत नाही. नवरा-बायकोचं भांडण म्हणून येतो, कारण सासरच्या अकरा जणांना घ्यायचं ठरलेलं असतं आणि माहेरच्या तिघांना. प्रवासावरून आल्यावरची उदासी म्हणून येतो, कारण शेवटचे तीन दिवस दुकानांत पाय झिजवण्यात गेले आणि बघायला गेलेलं ठिकाण बघायचंच राहिलं. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडं कशाला जायचं? मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. भेटवस्तूच्या यादीत माणसाची सगळी नाती एका कागदावर येतात, आणि कुठं दुखतंय ते तिथं बरोबर दिसतं.

सुनंदाताईंचं दुखणं पहिल्याच पानावर होतं. थोरल्या जाऊबाईंच्या नावापुढं तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'मोत्यांचा हार'. आणि पहिल्या रकान्यात एकच शब्द, 'साबण'.

बारा वर्षांपूर्वी जाऊबाई सिंगापूरला जाऊन आल्या होत्या. नणंदांना पर्स, धाकट्या जावेला घड्याळ, आणि सुनंदाताईंना एक छोटी पिशवी. घरी येऊन उघडली तर आत हॉटेलच्या खोलीत ठेवतात ती साबणाची इवलीशी वडी, वर हॉटेलचं नाव. "वापरला नाही, टाकलाही नाही. कपाटात आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

जपानचा मोती जगात नावाजलेला. मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये तिथं शिंपल्यात मोती वाढवून दाखवला, तेव्हापासून संवर्धित मोती म्हटलं की जपान. हे त्यांनी लेकीकडून माहीत करून घेतलं होतं. हाराला किती पडतील हेही.

मी विचारलं, "ताई, हा हार जाऊबाईंना द्यायचाय की त्या साबणाला?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही घाई केली नाही. मग म्हणाल्या, "त्यांना कळायला पाहिजे, मी काय आणलं ते." हे खरं बोलणं होतं आणि त्यात काही चूक आहे असं मी त्यांना म्हटलं नाही. अपमान झाला होता, तो बारा वर्षं सांभाळलेला होता. पण हार गळ्यात घातल्यावर जाऊबाईंना साबण आठवेल याची काय खात्री? बहुतेक त्यांच्या लक्षातही नसेल. मग साठ-सत्तर हजार रुपये खर्चून सुनंदाताई होत्या तिथंच राहिल्या असत्या, वर मिस्टरांशी भांडण.

आपल्याकडं देण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक आहेराची. ती लिहून ठेवतात, परत करतात, कमी-जास्त झालं तर बोल लागतो. दुसरी प्रसादाची. पंढरपूरहून आलेला माणूस चुरमुरे-बत्तासे, बुक्का, कुंकू आणतो आणि आळीभर वाटतो. काशीहून आलेले लोक मावंदं घालतात, गंगेचा सीलबंद गडू, काळे गंडे देतात. सावकाराला एक बत्तासा, मोलकरणीलाही एकच. 'तिला दोन, मला एकच' असं कुणी म्हणत नाही. परतफेडही कुणी करत नाही, फार तर पुढच्या वारीला 'आमचा नमस्कार सांगा' म्हणतात. परदेशवारीला मात्र आपण आहेराचे नियम लावले, कारण तिकीट महाग असतं. सुनंदाताईंना मी हे जवळपास याच शब्दांत सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली, पण पटलं नव्हतं ते दिसत होतं.

पटलं ते दुसऱ्या भेटीत, आणि माझ्यामुळं नाही. मी विचारलं होतं, "आजवर कुणी प्रवासाहून आणलेल्या वस्तूंपैकी आज तुमच्याकडं काय आहे?" त्या सहज बोलायला लागल्या आणि बोलता बोलता ऑगस्ट २०१९ वर आल्या. महापुराचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा त्या सासूबाईंच्या आजारपणासाठी तिथंच होत्या. पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं. दोघी जावा मिळून जे हाताला येईल ते माडीवर नेत होत्या. कागदपत्रं, औषधं, तांदळाचा डबा, देव. बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट तसंच राहिलं. त्यात कुणाकुणाचा आयफेल टॉवर, स्फटिकाचा हंस, गोंडस बाहुल्या, वीस वर्षांची परदेशवारी. पाणी ओसरल्यावर सगळं गुडघाभर गाळात मिळालं आणि फावड्यानं उचलून बाहेर टाकलं.

"पण सासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू देव्हाऱ्यात होता ना, तो जाऊबाई ओच्यात घालून वर घेऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "तांब्याचा, बोटाएवढा. किंमत काय असेल हो? तीस रुपये."

आणि थांबल्या. त्या दिवशी आम्ही वही पुन्हा उघडली.

पुढचं काम साधं होतं, पण तेच करायचं राहून जातं म्हणून थोडं तपशिलानं लिहिते. पहिल्यांदा 'भेट' आणि 'ऑर्डर' वेगळी काढली. त्रेचाळिसांतल्या सात जणांनी वस्तू सांगितल्या होत्या. पुतण्याला फोन हवा होता, एका वहिनींना तिकडचा भाताचा कुकर. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, आपल्याकडं २३०. तिथला कुकर इथं तसाच लावला तर जळायचा. वहिनींना हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच नको म्हटलं. फोनचं म्हणाल तर, तेव्हाच्या बॅगेज नियमांप्रमाणं माणशी पन्नास हजारांपर्यंतचं सामान विनाशुल्क आणता येत होतं, त्यावर कस्टम भरावं लागे. मी सुनंदाताईंकडून एक वाक्य दोनदा म्हणवून घेतलं: "बाळा, पैसे आधी पाठव आणि कस्टम लागलं तर तेही तुझं, जमत असेल तर आणते." पहिल्यांदा आवाज कापला. दुसऱ्यांदा नीट निघाला. पुतण्यानं फोन पुण्यातच घेतला, आणि काही बिघडलं नाही.

मग तिसरा रकाना पूर्ण खोडला. तिथं न जाताच तिथून काय आणायचं ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याजागी मी सहाच नावांपुढं लिहायला सांगितलं, तेही वस्तू नाही, तर त्या माणसाचं काय डोळ्यापुढं येतं ते. जाऊबाईंपुढं त्यांनी लिहिलं, 'सकाळी पूजेची फुलं खुडतात. बोटं आखडलीत. जास्वंदीचं देठ दातानं तोडतात.' मला ही ओळ फार आवडली. बारा वर्षं जिच्यावर राग होता तिच्याकडं इतकं बारकाईनं बघितलेलं होतं.

उरलेल्या सदतीस जणांना प्रसाद. सगळ्यांना एकच, छोटं, त्याच मातीतलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. साकुरा, म्हणजे तिकडची चेरी, पूर्ण फुलला होता, त्या टोकियोतल्या निशी-कसाईला लेकीच्या घरी होत्या. त्या भागात आपली इतकी माणसं आहेत की पोहे आणि हिंगसुद्धा मिळतो म्हणाल्या. पण फोन वेगळ्याच गोष्टीसाठी होता. लेकीच्या ऑफिसातली एक मुलगी गावी जाऊन आली होती आणि येताना मिठाईचा खोका घेऊन आली. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात, टेबलाटेबलावर एकेक. त्याला ओमियागे म्हणतात. लिहिताना दोन चिन्हं येतात, एक माती आणि दुसरं उपज. "मॅडम, म्हणजे त्यांच्यातही प्रसादच की हो!"

त्यांनी सदतीस जणांसाठी योकान घेतलं. अझुकी नावाचं लाल कडधान्य असतं, आपल्या चवळीचं भावंड, ते शिजवून, वाटून, साखर आणि समुद्री शेवाळाचं अगर घालून थापलेली वडी. अगर म्हणजे आपला चायना ग्रास, त्यामुळं शाकाहारी घरातही चालतं. तिकडच्या पुष्कळ गोड पदार्थांत अंडं किंवा जिलेटिन असतं, तेव्हा पाकिटावरचं वाचून घेणारं कुणीतरी बरोबर हवं. लेकीनं प्रत्येक पाकीट वाचलं. न उघडता योकान महिनोन्महिने टिकतं, मे महिन्याच्या उन्हात सांगलीपर्यंत आणायला चॉकलेटपेक्षा कितीतरी बरं. एकाच दुकानात पाच हजार येनच्या वर खरेदी झाली तर पर्यटकाला खाण्याच्या वस्तूंवरचा आठ टक्के कर माफ व्हायचा, पण पासपोर्ट सुनंदाताईंचाच लागायचा. लेक तिथली रहिवासी, तिला ती सवलत नाही. अशा वस्तू तेव्हा सीलबंद पिशवीत मिळायच्या आणि जपान सोडेपर्यंत ती पिशवी उघडायची नसायची. सासऱ्यांना एक चाखायला देऊ म्हणून जावई ती उघडायला निघाले होते, लेकीनं वेळेत हात धरला.

सगळंच गोड झालं असं नाही. नणंदेसाठी त्यांनी तेनुगुई आणलं. पातळ सुती कापड, पस्तीस सेंटिमीटर रुंद, नव्वद लांब, त्यावर निळ्या लाटांचं छापकाम. कडा मुद्दाम शिवत नाहीत, म्हणजे पाणी साचत नाही आणि लवकर वाळतं. नणंदेनं उलगडून बघितलं आणि चारचौघांत म्हणाल्या, "जपानला जाऊन पंचा आणलास होय गं वहिनी?" सुनंदाताईंचा चेहरा पडला. त्या रात्री पुन्हा झोप नाही. जूनमध्ये भेटायला आल्या तेव्हा आम्ही अर्धा तास त्यावरच बोललो. नणंदेच्या नाराजीला त्यांनी दुसरी वस्तू नेऊन दिली नाही, एवढं त्यांनी केलं, आणि ते सोपं नव्हतं. नणंद अजून पुरत्या खूश नाहीत. असू देत. कुणी नाराज झालं की लगेच भरपाई करायची, ही सवय चाळीस वर्षांची आहे.

स्वतःच्या घरासाठी चहाचे कप आणले, तेही पाचच. जपानीत चारचा एक उच्चार 'शी', आणि मृत्यूलाही 'शी'च, म्हणून तिथं चारचा संच टाळतात, पाचाचा असतो. प्रत्येक पाहुणा विचारतो, सहावा फुटला का? मग त्या सांगत बसतात. आपण एकशे एकाचं पाकीट देतो, तसंच आहे म्हणतात.

आणि जाऊबाईंना फुलं कापायची कात्री. छोटी, काळ्या लोखंडाची, मुठीच्या जागी मोठ्या गोल कड्या, त्यामुळं आखडलेली बोटंही आत सहज जातात. चेक-इनच्या बॅगेत, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून आणली. त्यांच्या घरात समजूत आहे की धारेची वस्तू फुकट घेतली तर नातं तुटतं. जाऊबाईंनी देव्हाऱ्यासमोरच्या ताटलीतून एक रुपया उचलून सुनंदाताईंच्या हातावर ठेवला, चपला घालून परसात गेल्या आणि जास्वंदीची तीन फुलं देठासकट कापून आणली.

"साबणाचं काही बोललात?" मी विचारलं.

"नाही. ठरवून गेले होते. पण त्या बाहेर फुलं तोडत होत्या, आणि मी आत चहा टाकायला गेले."

निघताना त्यांनी पर्समधून योकानची एक वडी काढली. आमच्या व्यवसायात भेटवस्तू घेत नाहीत, आणि मी कटाक्षानं पाळते. वडी मी हातात घेतली, सुरीनं दोन तुकडे केले. दोघींनी तिथंच उभ्यानं खाल्ली. पुरणापेक्षा घट्ट लागते, आणि वेलदोडा नसतो.