करार संपला तरी कुलूप बदलता येत नाही

घरभाड्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. तिन्हींचा विषय एकच आहे: कराराची मुदत संपल्यावर राहणाऱ्याच्या हाती काय उरते?

प्रश्न : आम्ही कोथरूडला एका सदनिकेत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. करार ११ महिन्यांचा, नोंदणी केलेला असून त्याची मुदत ३१ जानेवारीला संपते. भाडे दरमहा २२,००० रुपये आणि अनामत ८०,००० रुपये आहे. मुलीची बारावीची परीक्षा असल्याने मार्चअखेरपर्यंत राहू द्यावे, ही आमची विनंती मालकांनी नाकारली. १ फेब्रुवारीला बाहेर पडलो नाही, तर कुलूप बदलून सामान जिन्यात ठेवू, असे ते सांगतात. अनामत मात्र रंगकामाचा खर्च कापून सवडीने देणार आहेत. ती हाती येईपर्यंत घर न सोडण्याचा हक्क आम्हाला आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत. मुदत संपल्यावर त्या घरात राहण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. मात्र आपल्याला स्वतःच्या हाताने बाहेर काढण्याचा हक्क मालकांनाही मिळत नाही.

आधी पहिली बाजू पाहू, कारण तिच्यातील आर्थिक धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती केवळ वापराची परवानगी देऊन, दिलेल्या घराचा ताबा मुदत संपताच मालकाला परत द्यावा लागतो. तो न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो आणि मुदत संपल्याची खात्री पटल्यावर प्राधिकाऱ्याने घर रिकामे करण्याचा आदेश द्यावा, असे कायदाच सांगतो. मुलांची परीक्षा, आजारपण, दुसरे घर न मिळणे या अडचणी कितीही खऱ्या असल्या, तरी या कलमात त्यांना जागा नाही. शिवाय मुदतीनंतर ताबा न सोडणाऱ्याला करारातील भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आपल्या बाबतीत हा दर महिन्याला ४४,००० रुपये होतो, म्हणजे फेब्रुवारी आणि मार्च मिळून ८८,००० रुपये. ही रक्कम आपल्या संपूर्ण अनामतीपेक्षा अधिक आहे. अनामत वाचवण्यासाठी घर अडवून ठेवणे म्हणजे ती आपल्याच हाताने गमावण्याचा मार्ग आहे, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अनामत मिळेपर्यंत विनामूल्य राहता येईल, असे कलम काही करारांत घातलेले असते. तसे आपल्या करारात असले, तरी केवळ त्यावर विसंबू नये, कारण मुदत संपताच ताबा परत द्यावा, असे कलम २४ सांगते.

आता दुसरी बाजू. कुलूप बदलणे आणि सामान बाहेर काढणे हा मालकांचा अधिकार नाही. मुंबईतील एका उपाहारगृहाच्या लायसन्सबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे: स्थिरपणे ताब्यात असलेल्या व्यक्तीला तिथे राहण्याचा हक्क उरला नाही असे गृहीत धरले, तरी मालकाला कायद्याच्या मार्गाखेरीज तिला बाहेर काढता येत नाही. तो मार्ग सक्षम प्राधिकाऱ्यापासून सुरू होतो. तिथले समन्स मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत शपथपत्र दाखल करून बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ते केले नाही, तर मालकाचे म्हणणे आपल्याला मान्य आहे असे धरून आदेश होतो. या आदेशावर अपील नाही, केवळ पुनरीक्षणाचा, म्हणजे आदेश वरच्या पातळीवर तपासून घेण्याचा, अर्ज करता येतो आणि त्याची मुदत ९० दिवसांची आहे. समन्स घेण्याचे टाळणारे किंवा ते कपाटात ठेवून देणारे लोक या टप्प्यावर स्वतःचे फार मोठे नुकसान करून घेतात.

मालकांनी कुलपाची धमकी लेखी दिली असेल, संदेशातून दिली असेल, तर ती जपून ठेवावी आणि स्थानिक पोलीस ठाण्यात आधीच लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. घर रिकामे करवून देणे हे पोलिसांचे काम नाही. मात्र कोणी बळजबरीने अडवत असेल, तर ती तक्रार नोंदवून घेणे हे त्यांचे काम आहे. प्रत्यक्षात बाहेर काढलेच गेले, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. तो सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि त्यासाठी वकिलाचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा.

तरीही माझा आग्रह तडजोडीचा आहे. दोन महिन्यांचा नवा, नोंदणी केलेला करार मालकांपुढे ठेवा. हवे तर भाडे थोडे वाढवून द्या. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का असते आणि शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये, त्यामुळे खर्चाची सबब टिकत नाही. 'राहा अजून थोडे दिवस' असे तोंडी आश्वासन मिळाले, तर ते निदान ईमेलवर लिहून घ्या. त्यांनी भाडे घेत राहिल्याने आपोआप नवा करार होतो, असे समजू नये.

तडजोड झालीच नाही, तर ३१ जानेवारीपूर्वी ईमेल आणि नोंदणीकृत पत्राने कळवावे की, आपण त्या दिवशी ताबा देण्यास तयार आहात आणि चावी व अनामत यांची देवघेव एकाच वेळी व्हावी. प्रत्येक खोलीचे तारखेसह चित्रीकरण करावे, वीज आणि गॅसची बिले भरून पावत्या जोडाव्यात आणि चावी देताना 'ताबा मिळाला' अशी सही घ्यावी. रंगकामाचा खर्च करारात ठरलेला नसेल, तर रोजच्या वापराने फिका पडलेला रंग हे नुकसान नव्हे, ही भूमिका घेता येते. रक्कम न मिळाल्यास वकिलामार्फत नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा करता येतो. अशा दाव्यात सर्वांत उपयोगी पडते ते हेच पत्र, कारण ताबा देण्याची तयारी आपण कोणत्या तारखेला दाखवली, हे त्यातून सिद्ध होते.

प्रश्न : ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे सांगून एजंटाने आमचा करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केला. आता मुदत संपल्यावर मालक म्हणतात की, अनामत ५०,००० रुपयेच होती. आम्ही १ लाख दिले होते, त्यातील निम्मे रोख. — एक वाचक, ठाणे

उत्तर : वर्षाहून कमी मुदतीच्या कराराला नोंदणीची गरज नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे आणि तो पसरवणारे एजंट भाडेकरूंचे मोठे नुकसान करत आहेत. १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स कराराला लागू होते, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे हे की, करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. तरीही रोख दिलेल्या रकमेचा माग ठेवावा: त्या दिवशी बँकेतून काढलेले पैसे, एजंटाशी झालेले संदेश, हजर असलेली व्यक्ती. नोंदणी नाही म्हणून घरात राहण्याचा कायमचा हक्क मिळाला, असा अर्थ मात्र काढू नये.

प्रश्न : माझे आजोबा १९६८ पासून गिरगावातील चाळीत भाड्याने राहत होते. आता खोली आईच्या ताब्यात आहे. इमारत विकत घेतलेले नवे मालक म्हणतात, जुना लेखी करार पाच वर्षांचाच होता, तो कधीच संपला. — एक वाचिका, मुंबई

उत्तर : आपल्या आईंनी घाबरण्याचे कारण नाही. कलम २४ लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांसाठी आहे, जुन्या भाडेकरूंसाठी नाही. भाडेकरू नियमित भाडे भरत असेल आणि अटी पाळत असेल, तर केवळ मुदत संपली म्हणून त्याला काढता येत नाही. मालकाला न्यायालयात कलम १६ मधील एखादे कारण सिद्ध करावे लागते. लायसन्सवर राहणारेही १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर ताब्यात असतील, तर कायद्याने भाडेकरू ठरले आहेत. आजोबांच्या निधनाच्या वेळी आई त्याच खोलीत राहत होत्या, याचे शिधापत्रिका, मतदार यादी असे पुरावे एकत्र ठेवावेत. नवे मालक भाडे स्वीकारत नसतील, तर ते दरमहा मनीऑर्डरने पाठवून पावत्या जपाव्यात आणि थकबाकीची लेखी नोटीस आल्यास ९० दिवसांच्या आत संपूर्ण रक्कम भरावी.