रंग दिसतोय, पण तिकिटाची तारीख बघितली का?

रिव्हरसाइडला स्टॉर्म ड्रेनचं दहा आठवड्यांचं काम, ८११ला (खोदण्याआधी कळवायचा नंबर; मग लाइनवाले जमिनीखालच्या लाइनींवर रंगानं खुणा करतात) सुरुवातीला एकदा कळवून तिकीट, म्हणजे त्या सूचनेची नोंद, काढलंय, आणि फोरमन म्हणतो, "रंग दिसतोय ना, मग खोदा." चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार.

कॅलिफोर्नियात तिकीट निघाल्यापासून २८ दिवस चालतं. शनिवार-रविवार धरून. पावसानं आठवडाभर काम बंद पडलं तरी ते दिवस मोजलेच जातात. म्हणजे तुम्हाला किमान दोनदा रिन्यू करावं लागणार. २८व्या दिवसापर्यंत डिगअलर्टच्या (इथलं ८११चं केंद्र) साइटवर जाऊन केलं तर काही मिनिटांचं काम.

चुकलं की काय होतं ते माझ्याकडून ऐका. आमचं एक तिकीट शुक्रवारी संपत होतं, ते बघणारा माणूस रजेवर. सोमवारी लेबर डेची सुट्टी. मंगळवारी सकाळी माझ्या लक्षात आलं. नवं तिकीट काढलं, पण कळवल्याचा दिवस धरत नाहीत, त्यानंतर दोन वर्किंग डे थांबावं लागतं. बुधवार गेला, गुरुवार गेला, बकेट जमिनीला लागली ती शुक्रवारी. भाड्याचा एक्स्कॅव्हेटर तोवर उन्हात उभा, मीटर चालू. तेव्हापासून मी रिन्यूची तारीख २४व्या दिवसावर लावतो आणि दोघांच्या कॅलेंडरवर टाकतो.

दुसरी गोष्ट, रिन्यू केलं म्हणून रंग ताजा होत नाही. खुणा पुसल्या असतील तर रीमार्क, म्हणजे पुन्हा खुणा, हवंय असं वेगळं सांगावं लागतं, आणि ते येईपर्यंत तिथं खोदायचं नाही. मात्र सगळ्या लांबीचं रीमार्क मागू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जिथं हात घालणार तेवढंच मागा. दहा आठवड्यांची लांबी एकाच तिकिटात घातली की शेवटच्या टोकाचा रंग ट्रकच्या चाकाखाली जातो, तिथं पोचेपर्यंत काही उरत नाही. मी पट्टे पाडून वेगवेगळी तिकिटं काढतो. सबकॉन्ट्रॅक्टर खोदणार असेल तर त्याचं तिकीट त्याच्याच नावानं हवं, तुमच्या तिकिटावर तो खोदू शकत नाही. हे बरेच जण विसरतात.

आणि पिवळी रेघ गॅसलाइन कुठून जाते ते सांगते, किती खोल आहे ते नाही. पाइपच्या दोन्ही कडांपासून २४ इंचांत आधी हातानं खोदून पाइप डोळ्यांनी बघायचा, मगच मशीन.

(पुण्यात असताना आम्ही जुन्या लाइनमनला बोलावून "इथं खाली काय आहे हो?" विचारायचो, तोच आमचा नकाशा. मार्च २०२३पासून आपल्याकडेही 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप आलंय.)

उद्या सकाळी मशीन सुरू करण्याआधी तिकिटावरची तारीख बघा. उलटून गेली असेल तर बकेट खाली ठेवा आणि लगेच नवं तिकीट काढा. फोरमन चिडला तर खुशाल माझं नाव सांगा.