पिवळं घर आणि पणजीची खोली

चिमणे,

परवा एम ३२ महामार्गावरून येताना टेकडीवरचं ते पिवळं घर दिसलं आणि तू विचारलंस, "आई, आजोबा गेल्यावर आजीने वेगळ्या घरात राहायचं, असं आपल्यातही असतं का?" गाडी चालवताना नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आधी त्या घराविषयी. ब्रिस्टलमधल्या स्टोक पार्कच्या त्या घराला डाउअर हाउस म्हणतात. इंग्रज जमीनदारांकडे वडील वारले की थोरला मुलगा मोठ्या घराचा धनी आणि त्याची बायको मालकीण. मग विधवा आईसाठी इस्टेटीतच एक लहान घर राखलेलं असायचं. जुन्या कायद्याने तिला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तहहयात मिळायचा. तो हिस्सा म्हणजे डाउअर.

पण आपलं पिवळं घर कुठे लहान आहे? त्या इस्टेटीचे मालक नॉर्बोर्न बर्कली यांनी १७५० च्या सुमारास तिथलं जुनं घर नव्याने बांधून घेतलं. त्यांच्या मदतीला होते थॉमस राइट, आकाशगंगेचा आकार कसा असेल यावर त्याच वर्षी पुस्तक लिहिणारे खगोलशास्त्रज्ञ! टेकडीच्या उतारावर भिंत घालून ओट्यासारखी सपाट जागा केली, वर घर उभं केलं आणि छताच्या कडेला आपल्या किल्ल्यांच्या तटावर असतात तशा चर्या बसवल्या. लढाई कुणाशीच नव्हती, खालून बघणाऱ्याला घर भारदस्त दिसावं एवढंच. पुढे बर्कली अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले आणि १७७० मध्ये तिकडेच वारले. घर आलं बहिणीकडे, ब्यूफोर्टच्या डचेस एलिझाबेथकडे. तिचा नवरा १७५६ मध्येच गेला होता. तिचं सासर बॅडमिंटनचं. हो, तुझ्या खेळाला नाव मिळालं तेच बॅडमिंटन. म्हणजे बघ, नाव डाउअर हाउस, पण तिच्यासाठी ते माहेर होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता आपल्याकडचं. राजघराण्यांत बायकांच्या चोळीबांगडीसाठी गावं तोडून देत. साध्या एकत्र कुटुंबांत मात्र विधवेला बहुधा ना वेगळं घर, ना हिस्सा. माझी पणजी अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि शेवटपर्यंत वाईच्या वाड्यातच राहिली. वाड्याला रस्त्याच्या बाजूने जाड भिंत आणि दिंडी दरवाजा. उजेड यायचा तो आतल्या चौकातून. पणजीची खोली माजघरापलीकडे, चौकापासून सगळ्यात लांब. एकच झरोका. दुपारी त्यातून उन्हाची पट्टी तिच्या ट्रंकेवर पडायची. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या, रोजचे तांदूळ ती स्वतः मापाने काढून द्यायची. पण त्या घराची एक वीटही तिच्या नावावर नव्हती. तिला कुणी घराबाहेर काढलं नाही हे खरं, आणि तिला कधी काही विचारलं नाही हेही खरं. आपल्यात सगळे एकत्र राहायचे असं तुला अभिमानाने सांगते ना, तेव्हा ती खोली माझ्या डोळ्यांपुढे येते.

१९३७ मध्ये डॉ. जी. व्ही. देशमुखांच्या प्रयत्नांनी कायदा झाला आणि हिंदू विधवेला मुलाइतका वाटा मिळू लागला. तोही तहहयातच, तिकडच्या डाउअरसारखा. ती पूर्ण मालकीण झाली १९५६ च्या कायद्याने.

म्हणून तुझ्या प्रश्नाला मी नुसतं "नाही" म्हटलं असतं तर ते अर्धंच झालं असतं. आपली आजी पुण्याला एकटी राहते ती कुणी ठेवलंय म्हणून नव्हे. तो फ्लॅट तिच्या नावावर आहे आणि तिला तिथेच राहायचंय. आपण किती बोलावतो तिला, तूच ऐकतेस ना फोनवर?

जूनमध्ये येतेय ती. तिला पिवळं घर दाखवू या. गुडघ्यांमुळे चढ जमला नाही तर खालच्या तळ्याकाठी बसू, तिथून ते अख्खं दिसतं.

तुझी,
आई