स्टुटगार्टमध्ये गणिताची शिकवणी

प्रश्न : ताई, मी अमळनेरची. आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या मी लग्नाआधीही घरीच घ्यायचे आणि लग्नानंतरही चालू ठेवल्या. मिस्टर जर्मनीत स्टुटगार्टला एका कंपनीत इंजिनिअर आहेत. माझा व्हिसा आला आहे, दिवाळीनंतर निघायचं आहे. नोकरी मिळण्याइतकं जर्मन मला येत नाही, पण तिथल्या भारतीय घरांतल्या मुलांना गणित शिकवता येईल. इथले काही पालकही ‘ऑनलाइन चालू ठेवा’ म्हणतात. मिस्टरांचं मत असं, की दोन-चार मुलं तर आहेत, रोख पैसे घे, नोंदणीच्या भानगडीत पडू नकोस. तसं चालेल का? अमळनेरच्या पालकांची फी इथल्याच खात्यात घेऊ का? आणि सासूबाई ज्वारीचे बिबडे फार छान करतात, ते तिथे विकता येतील का?

उत्तर : तुझं पत्र वाचून आनंद झाला. नवऱ्यामागून परदेशी गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी शिकलेल्या मुली तिथे वर्षानुवर्षं नुसत्या घरात बसून राहतात. तू निघण्याआधीच कामाचा विचार करते आहेस. मी धुळ्याची. न्यूर्नबर्गला बरीच वर्षं भाषांतराची कामं घेऊन स्वतःचं पोट भरलं, आता देवपुरात परत आले आहे. त्यामुळे हे कागद मी स्वतः भरले आहेत.

रोखीचा सल्ला ऐकू नकोस. मुलं दोन असोत की वीस, काम सुरू केल्यापासून महिन्याच्या आत फिनान्झआम्टला, म्हणजे तिथल्या कर कार्यालयाला, कळवावं लागतं. ते अवघडही नाही. शिकवणं हा जर्मन आयकर कायद्याने स्वतंत्र व्यवसाय मानलेला आहे, दुकानदारासारखा व्यापार परवाना तुला लागत नाही. ‘एल्स्टर’ या सरकारी पोर्टलवर एक लांबलचक प्रश्नावली भरायची, मग तुझा कर क्रमांक पोस्टाने येतो. नवऱ्याच्या आधारावर मिळणाऱ्या निवास परवान्यावर नोकरीही करता येते आणि स्वतंत्र कामही. कार्ड हातात आलं की त्यावर तसं छापलेलं आहे ना, तेवढं बघून घे.

पोस्टाने म्हटलं, म्हणून हे आधी सांगते. तिथे पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. तुझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं, तर एल्स्टरचा कोड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सगळं परत जाईल. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात पेटीवर दोन्ही आडनावं चिकटव. पत्त्याची नोंदणीही दोन आठवड्यांच्या आत करायची असते.

प्रश्नावलीत ‘क्लाइनउंटरनेमर’, म्हणजे लहान व्यावसायिक, हा पर्याय निवड. 2025 पासून त्याची मर्यादा 25,000 युरो झाली आहे. पहिल्या वर्षी उलाढाल त्याच्या आत असेल तर बिलात 19 टक्के व्हॅट लावावा लागत नाही. प्रत्येक बिलाला ओळीने क्रमांक दे, आणि या नियमामुळे व्हॅट लावलेला नाही, अशी एक ओळ खाली लिही.

आता खरा मुद्दा. घाबरायचंच असेल तर कराला घाबरू नकोस, विम्याला घाबर. नवऱ्याला आजच फोन करून विचार : तुमचा आरोग्य विमा सरकारी पद्धतीच्या क्रांकेनकासेत आहे की खाजगी? क्रांकेनकासेत असेल तर तू त्यांच्या विम्यात फुकट येतेस, पण काम तुझा मुख्य व्यवसाय ठरता कामा नये आणि कमाई ठरावीक रकमेच्या आत हवी. 2025 साली ही रक्कम दरमहा 535 युरो होती, ती दरवर्षी बदलते. ती ओलांडली की तुझा वेगळा विमा, आणि त्याचा कमीत कमी हप्ताच महिन्याला दोनशे युरोंच्या वर जातो. खाजगी असेल तर ही फुकटची सोय मुळातच नाही.

दुसरा खड्डा फक्त शिक्षकांसाठी आहे, आणि तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही तो सहसा माहीत नसतो. इतर बरेच स्वतंत्र व्यावसायिक सरकारी पेन्शन विम्यात जायचं की नाही हे स्वतः ठरवतात. स्वतंत्र शिकवणाऱ्याला मात्र तो सक्तीचा आहे. 2025 साली दरमहा 556 युरोंच्या वर कमाई गेली की 18.6 टक्के हप्ता, आणि तो पूर्ण स्वतःच्या खिशातून. आपणहून कळवलं नाही तर मागच्या वर्षांची वसुली एकदम येते.

दोन्ही आकडे जवळजवळ एकाच ठिकाणी येतात हे बघ. महिन्याला 500 युरो कमावणारीच्या हातात 600 कमावणारीपेक्षा जास्त राहतात. म्हणून पहिलं वर्ष रेषेच्या खाली राहा, भाषा पक्की कर, ओळखी वाढव. नंतर वर जायचं ठरवलंस तर चांगली उडी मारून वर जा, रेषेला घासून राहू नकोस.

आयकराचं थोडक्यात. 2025 साली माणशी 12,096 युरोंपर्यंतच्या उत्पन्नावर कर नव्हता, पण नवरा-बायकोचा हिशोब एकत्र केला की तुझ्या वाट्याची सूटही नवऱ्याच्या पगारात आधीच वापरली गेलेली असते. तुझ्या पहिल्या युरोपासून कर लागेल असं धरून चाल आणि आलेल्या फीतला तिसरा हिस्सा बाजूला ठेव. शिकवणीसाठी वेगळं खातं उघड. बिलं आणि पावत्या आठ वर्षं जपायच्या असतात.

आणि दर! अमळनेरची फी युरोत बदलून सांगू नकोस. आपल्याकडच्या बायका ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून पाच युरोंवर तयार होतात, त्याने मला फार वाईट वाटतं. तुझ्या तासात कर आहे, विमा आहे, तयारीचा वेळ आहे. आजूबाजूला शिकवणीचा काय दर चालतो ते विचार आणि तोच सांग.

अमळनेरच्या मुलांची फी इथल्या खात्यात घ्यायला हरकत नाही, पण तिथे राहायला गेल्यावर तुझं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. बँकेचं काम निघण्याआधीच विचारून ठेव. स्टुटगार्टमध्ये बसून शिकवलंस, तर ती कमाईही जर्मनीच्याच हिशोबात दाखवायची, पैसे रुपयांत आले तरी.

बिबड्यांचं मन मोडते, पण सध्या नको. खाद्यपदार्थ विकणं म्हणजे व्यापार. त्याची वेगळी नोंदणी, स्वच्छतेचे नियम, अन्न तपासणी खातं, सगळंच आलं. घरी खायला आणि मैत्रिणींना द्यायला खुशाल घेऊन जा. साजूक तूप मात्र सामानात भरू नकोस, दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे.

वेळापत्रक आखताना हे लक्षात ठेव : हिवाळ्यात फरक साडेचार तासांचा, म्हणजे अमळनेरचे संध्याकाळचे सहा तिथे दुपारचा दीड. तिथली मुलं शाळेतून यायच्या आत ही बॅच उरकते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि हाच वर्ग अडीचला येतो. पालकांना आधीच सांगून ठेव.