बालाघाटच्या डोंगरात केसाळ मेंढ्यांचे चांगले फोटो कसे काढावेत?

तुम्ही पिरेनीज पर्वतातल्या लाचा मेंढ्यांचे फोटो पाहिलेत आणि विचारलंय की असे फोटो बीड-धाराशिवकडच्या डोंगरात मिळतील का, आणि त्यासाठी कुठली लेन्स घ्यावी. मी बीडचा, आणि बालाघाटातली मेंढरं हा माझा आवडीचा विषय. फोटो नक्की मिळतील. पण लेन्स घेण्याआधी मेंढपाळाला एवढं विचारा: मेंढरं कधी कातरली?

आपल्याकडची मेंढी दख्खनी. बहुतेक काळी, लोकर राठ, घोंगड्याची. वर्षातून साधारण दोनदा कातरतात. नुकतीच कातरलेली मेंढी फोटोत शेळीसारखी दिसते, मग प्रकाश कितीही सुंदर असो. चार-पाच महिने गेले की लोकर दाटते, मानेखाली आणि पोटाशी गुंते लोंबायला लागतात. लाचा मेंढीची लोकर लांबसडक असते, तशी आपल्या मेंढीची होत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. कळपात जतकडच्या माडग्याळ मेंढ्या जास्त असतील तर केसाळ काही मिळायचं नाही, त्यांच्या अंगावर लोकर अगदी कमी. लोकरीला भाव उरला नाही, त्यामुळे काळ्या कळपात अशा पांढऱ्या-तपकिरी मेंढ्या आता बऱ्याच दिसतात.

आता डोंगर. बालाघाटाला पिरेनीजसारखी शिखरं नाहीत. पायथ्यापासून शे-दोनशे मीटर चढ, आणि वर सपाट माळ. वाइड लेन्स लावून कळपाजवळ उभे राहिलात तर मागचा डोंगर फोटोत बोटभर उरतो. म्हणून लांब जायचं. 200 किंवा 300 मिलीमीटरची लेन्स घ्या, कळपापासून चांगलं अंतर ठेवा आणि गुडघ्यावर बसा. त्या अंतरावरून डोंगराची अख्खी भिंत मेंढरांच्या मागे येऊन उभी राहते, बेसॉल्टचे आडवे थर दिसतात. माझ्या मते बालाघाटाचं खरं रूप याच फोटोत येतं.

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना समोर जी कड दिसते, तिचं तोंड उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळ तो त्या कडेच्या मागच्या बाजूला तिरका असतो. उतार सावलीत, काळपट. आणि पुढच्या माळावर मात्र मेंढरांच्या पाठीमागून ऊन. प्रत्येक मेंढीच्या कडेने लोकरीची सोनेरी रेघ उठते. गवत वाळलेलं असेल तर कुसळं लोकरीत घुसलेली असतात, तीही एकेक चमकतात. डोंगराच्या अगदी पायथ्याला राहू नका, तिथे संध्याकाळी सावली लवकर पडते. लेन्सला हुड (पुढे लावायची सावलीची कड) हवाच, नाहीतर उजेड थेट आत शिरून सगळं पांढुरकं होतं.

काळं जनावर कॅमेऱ्याला फसवतं. फ्रेमभर काळ्या मेंढ्या असल्या की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि काळी लोकर राखाडी दिसते. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). उलट, पिवळ्या माळावर दोन-चारच काळ्या मेंढ्या असतील तर त्या नुसते डाग दिसतात. तिथे उजेड थोडा वाढवा, रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) ठेवा. मोबाइल असेल तर मेंढीवर बोट ठेवून फोकस घ्या आणि उजेडाची पट्टी हाताने खालीवर करा. चालत्या कळपाला शटर सेकंदाचा पाचशेवा भाग तरी हवा.

दुधाबद्दलही तुम्ही विचारलंय. लाचा ही दुधाचीच मेंढी, बास्क प्रदेशात तिच्या दुधाचं इदियासाबाल चीज करतात. आपल्याकडे मेंढीचं दूध मुख्यतः कोकरांचं. पण म्हणूनच दुधाचा सगळ्यात देखणा फोटो इथे मिळतो, आणि तो डोंगरावर नाही, वाड्यावर, म्हणजे कळपाच्या मुक्कामावर मिळतो. लहान कोकरं दिवसभर वाड्यावरच ठेवलेली असतात. दिवस मावळताना कळप परतला की कोकरं सोडतात आणि एकच कल्लोळ उठतो. शंभर आया ओरडतायत, शंभर कोकरं ओरडतायत, आणि त्या गलक्यातही प्रत्येक जण आपलं माणूस शोधून काढतो. मेंढी आधी कोकराचं शेपूट हुंगते. परकं असेल तर ढुशी देऊन हाकलते, आपलं असेल तर गप्प उभी राहते. मग कोकरू पुढचे गुडघे टेकून कासेला लागतं, आचळाला हिसके देतं आणि शेपूट इतकं जोरात हलवतं की कमी शटरला त्याचा नुसता धूर दिसतो. हे सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपतं आणि तोवर उजेड गेलेला असतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, बिनधास्त वाढवा. फ्लॅश अजिबात नको, मेंढरं बुजतात.

बुजलेली मेंढरं पांगली की गोळा करताना मेंढपाळाचा जीव जातो. म्हणून कळपातून आडवं चालू नका, पाण्यावर निघालेल्या कळपाच्या वाटेत उभं राहू नका, ड्रोन घरीच ठेवा. कुत्री राखणीची असतात. आधी लांबूनच ‘राम राम मामा’ म्हणा, ते कुत्र्याला हाक मारतील, मग पुढे व्हा. बिऱ्हाडावर बायाबापड्या चुलीपाशी असतात, त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा तिकडे वळवू नका. बरेच कळप पावसाळा सरला की गाव सोडतात आणि शेताशेतातून खतासाठी बसत पुढे सरकतात, तेव्हा आज दिसलेला वाडा पुढच्या आठवड्यात तिथे असेलच असं नाही. फोन नंबर घेऊन ठेवा.

फोटो इंटरनेटवर टाकताना वाड्याची नेमकी जागा देऊ नका, मोबाइलमधलं लोकेशनही बंद करा. मेंढरांच्या चोऱ्या होतात. आणि दोन-तीन फोटो कागदावर छापून त्या घरी पोचवा. त्यात एक तरी मेंढ्याचा, शिंगांसकट, अख्ख्या अंगाचा असू द्या. मेंढपाळ तोच फोटो आधी मागतात.